एकोणीस लहरींचा सांधा

"तेरा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुखवट्याला हात लावायचा नाही. नियम म्हणजे नियम," असं खारूला म्हणत बाबांनी वेल्डिंगचा काळ्या काचेचा मुखवटा छकुलीच्या डोक्यावर चढवला.

खारूचं वय बारा वर्षं दहा महिने. तिच्या आतेबहिणीचं, म्हणजे छकुलीचं, तेरा वर्षं दोन महिने. फरक सगळा मिळून चार महिन्यांचा, पण त्या चार महिन्यांनी खारूच्या सुट्टीचं पार वाटोळं केलं होतं. स्वतःच्याच बाबांच्या वर्कशॉपमध्ये ती झाडू मारत होती आणि बोल्ट निवडत होती. पाहुणी छकुली मात्र चामड्याचे हातमोजे घालून ठिणग्या उडवत होती. नाव छकुली आणि उंची अशी की दारातून येताना वाकावं लागे. त्या उंचीचासुद्धा खारूला राग येई.

काम होतं डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं. त्या जनावरांच्या डॉक्टर, डोंगरातल्या वस्त्यांवर कच्च्या वाटांनी जाणाऱ्या. पुढचा बंपर दगडांवर आपटून चेपला, म्हणून त्यांनी जाड पोलादी बंपरचा संच मागवला होता. खोक्यातून तयार बंपर येत नाही, आकडे घातलेल्या चौदा पट्ट्या येतात. त्या आपल्या आपण जोडायच्या. बाबा त्या आधी गाडीवरच बोल्टनं अडकवत, जागोजागी छोटे टाके मारत, भोकं जुळतात का बघत आणि मगच सांधे सलग भरत. तापलेलं पोलाद ओढलं जातं, त्यामुळे टेबलावर सरळ दिसणारा बंपर गाडीवर तिरका बसतो, हे खारूला दुसरीपासून पाठ होतं. पण विचारतंय कोण?

पुढे दोन हूक असतात. गाडी ओढ्यात रुतली तर दोर त्यांनाच बांधतात. उजव्या हुकाचा सांधा बाबांनी भरला. डाव्याचा, मागे उभं राहून, त्यांनी छकुलीकडून भरून घेतला. मुखवटा वर करून पाहिलं तर एकावर एक कललेल्या नाण्यांसारख्या लहरी. "हात आहे पोरीला," बाबा म्हणाले. हे वाक्य जेवताना पुन्हा झालं आणि आत्याला फोन करून तिसऱ्यांदा.

त्या दुपारी खारू एकटीच त्या सांध्यासमोर बसली. कुठे तरी चूक असणारच. एक फुगलेली लहर, एक भोक, काही तरी. तिनं नखानं मोजल्या. एकोणीस. सगळ्या सारख्या. तिला फार त्रास झाला.

मग गाडी गल्लीच्या टोकाला रंगारीकाकांकडे गेली आणि दोन दिवसांनी काळी कुळकुळीत होऊन परत आली. डॉक्टरीणबाई गाडी न्यायला आल्या. पण हूक ओढून पाहिल्याशिवाय गाडी दाराबाहेर सोडायची नाही, ही बाबांची पद्धत. अंगणातल्या लोखंडी खांबापासून दोन्ही हुकांना साखळी बांधली, सगळ्यांना भिंतीआड उभं केलं आणि बाबांनी गाडी हळूहळू मागे घेतली. साखळी ताणली गेली. खाडकन आवाज झाला आणि डावा हूक पट्टीसकट उडून पाण्याच्या पिंपावर आदळला.

कोणाला लागलं नाही. पण बाबांचा चेहरा रंग उडाल्यासारखा झाला. तुटका सांधा त्यांनी वाकून पाहिलाही नाही. चूक माझीच, पोरीच्या हातात द्यायला नको होतं, असं ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. मुखवटा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं आणि यापुढे घरातलं एकही मूल वेल्डिंग करणार नाही, असंही ठरलं. छकुली आत गेली आणि बॅग भरायला लागली.

खारूला आनंद झाला. अगदी खरंखुरं सांगायचं तर मनाला गुदगुल्या झाल्या. मोठी माणसं आत चहा घेत असताना ती तुटलेला सांधा डोळे भरून बघायला अंगणात गेली. मागोमाग तिचा आठ वर्षांचा भाऊ ढब्बू.

तिनं पट्टी उचलली. रंगाखाली लहरी नव्हत्याच. एकोणीसपैकी एकही नाही. कोपरा चमच्याच्या पाठीसारखा गुळगुळीत.

"ढब्ब्या, तुझं लोहचुंबक दे."

चुंबक पट्टीला टक्कन चिकटलं. कोपऱ्यात सरकवलं तर घसरून खाली पडलं. तिथे पोलाद नव्हतंच, रंगाआधी खाचा बुजवायची पुट्टी होती. खारू गाडीकडे धावली आणि बाबांनी भरलेल्या उजव्या हुकाच्या सांध्यावर चुंबक लावलं. तिथूनही घसरलं.

मधले दोन दिवस गाडी रंगारीकाकांकडेच होती. आता सगळं लख्ख कळलं. आणि ते कळलेलं फक्त तिला. ती गप्प बसली असती तर छकुली संध्याकाळच्या बसनं गेली असती. पण आज टिकला म्हणून उजवा हूक तसाच राहिला असता आणि कधीतरी डॉक्टरीणबाई ओढ्यात अडकल्या असत्या. खारूनं एक मोठा सुस्कारा सोडला आणि ती आत गेली.

छकुली भरलेल्या बॅगेवर बसली होती.

"ऊठ. तुझा सांधा तुटला नाही, कोणीतरी तासून काढलाय," खारू म्हणाली.

"उगाच माझी समजूत काढू नकोस."

"तुझी समजूत काढायला मला वेड लागलंय का? चल."

तिघं रंगारीकाकांच्या शेडमध्ये गेली. काका दुसऱ्याच गाडीचा दरवाजा घासत होते. सरळ विचारलं तर ते कानांवर हात ठेवणार, हे खारूला माहीत होतं. कौतुक मात्र त्यांना ऐकू यायचंच. तिनं डोळे मोठे करून विचारलं, की इतका गुळगुळीत कोपरा तुम्ही काढता तरी कसा? ढब्बूनं लगेच पुस्ती जोडली, "आमच्या बाबांना तर नाहीच जमत."

काका खुलले. वेल्डर लोकांना सौंदर्याची जाणच नसते, ती खडबडीत रांग आधी ग्राइंडरनं सपाट करायची, मग पुट्टी, मग रंग, असं त्यांनी साग्रसंगीत सांगितलं. हे बाबांना शिकवाल का, असं खारूनं विचारताच ते हात पुसत स्वतःच निघाले. वर्कशॉपमध्ये बाबा आणि डॉक्टरीणबाईंसमोर त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तेही ऐटीत.

बाबा हळू आवाजात म्हणाले, "अहो, ती रांगच तर हुकाला धरून ठेवते."

रंगारीकाकांची ऐट जागच्या जागी उतरली. त्यांनी डॉक्टरीणबाईंची माफी मागितली आणि यापुढे सांध्याला ग्राइंडर लावणार नाही, असं कबूल केलं.

बाबा खारूकडे वळले. "पण डाव्या सांध्यावरच्या लहरी गेल्यात, हे तुझ्या लक्षात कसं आलं?"

खारूनं जमिनीकडे पाहिलं. "एकोणीस होत्या. सगळ्या सारख्या. मी अर्धा तास चूक शोधत बसले होते. मला जळफळाट होत होता." मग दात आवळून तिनं उरलेलं वाक्यही संपवलं. "सांधा चांगला होता. फार चांगला होता."

बाबांनी खाली वाकून तुटकी पट्टी उचलली, बोट फिरवलं आणि छकुलीला म्हणाले, "मी न बघताच बोललो. चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी दोन्ही सांधे खरवडून नव्यानं भरायला घेतले. कपाटाचं कुलूप निघालं आणि डावा पुन्हा छकुलीच्याच हातात. नियम म्हणजे नियम, त्यामुळे खारू भिंतीआडच, हातात झाडू. ठिणग्या थांबल्या, पोलाद निवलं. मुखवटा वर करून छकुलीनं मामाकडे नाही, खारूकडे पाहिलं. "ये ना. बघ कसा झालाय."

खारू जवळ गेली आणि सावकाश एकेक लहर मोजली. आतली जळजळ गेली नव्हती, होती तिथेच होती. तरी कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "सातवीत घाई केलीस."

बाबांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "बरोबर आहे हिचं. सातवी बारीक झालीय, ती पुन्हा भर."

गाडी न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाई हसल्या. त्यांनी बाबांना बजावलं, की यापुढे माझ्या गाडीचा प्रत्येक सांधा आधी या मुलीच्या डोळ्यांखालून जायला हवा, मगच रंगाला. बाबांनी मान डोलावली आणि खारूच्या हातातला झाडू काढून ढब्बूकडे दिला.