घूं चालू, गिटार बंद

आमच्या घरात बिघाड काढायची एकच पद्धत आहे: थापट. पंखा असो की मंगळावरचं हवायंत्र, नलूआत्या आधी एक ठेवून देते आणि मग काय झालं ते विचारते.

त्या दिवशी थापटा खात होता माझा अँप (गिटारचा बारीक आवाज मोठा करणारं खोकं). थापट दिली की दोन मिनिटं गिटार वाजायची, मग गप्प. नुसतं 'घूं' चालू. पाच वाजता आमच्या मंगळवसाहतीवरून उपग्रह जाणार होता. तो डोक्यावर असतो त्या सात मिनिटांतच आईशी बोलता येतं. पाच महिने ती ध्रुवावर बर्फ खणतेय आणि आज तिचा वाढदिवस. तिच्यासाठी मी स्वतः चाल बसवली होती. साडेचार वाजले आणि मला अगदी रडू यायला लागलं.

"सगळंच बदलून टाकू!" आत्या म्हणाली. "वायर, गिटारच्या तारा, सगळं!"

"थांबा, आत्याबाई!" आमचा दुरुस्ती-रोबो खटपट्या ओरडला. काल खंडेनवमीला आत्याने घरातल्या सगळ्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा केली होती, त्यामुळे स्वारी कपाळावर कुंकू घेऊन हिंडत होती. "सगळं एकदम बदललं तर चोर कोण ते कळणारच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. शमूताई, आवाजाची वाट सांगा."

"गिटार, वायर, अँप, त्यातला स्पीकर."

आम्ही फक्त वायर बदलली. आवाज गेलाच, म्हणजे वायर निर्दोष. मग गिटारऐवजी खटपट्याने वायर स्वतःच्या छातीत खुपसली. "मी खट... शार रो..." अँपमधून त्याच्या शब्दांचेही तुकडेच आले. मी इतकी हसले की रडायचं राहूनच गेलं.

"गिटारही सुटली," तो म्हणाला. "घूं चालू आहे, म्हणजे स्पीकर जिवंत आहे. थापटेने आवाज येतो, म्हणजे काहीतरी सैल आहे. मग राहिलं काय?"

"अँपचं तोंड!" मी ओरडले. म्हणजे वायरीचं टोक खुपसतात ते भोक.

वीज बंद करून खटपट्याने त्यात चिमटा घातला आणि बाहेर काढला एक लाल तांदूळ. पूजेची अक्षता! तिच्यामुळे वायरीचं टोक पूर्ण आत बसत नव्हतं. धातूला धातू नीट टेकत नव्हता, जरा हललं की जोड तुटायचा आणि आवाज बंद.

आत्याने जीभ चावली. "इथे मेलं सगळंच हलकं. अक्षता वाहिली की उडते. म्हणून जरा आत ठेवली."

पाच वाजता मी वाजवलं. एकदाही आवाज गेला नाही. पण आई काही बोलेचना. घाबरून मीच अँपवर हात उगारला.

"तिसऱ्या ओळीत चुकलीस गं," आई नाक ओढत म्हणाली. "पुढच्या खंडेनवमीला मी घरी असेन, तेव्हा दोघी मिळून वाजवू."

"आत्या, मी चुकले!" मी आनंदाने उड्या मारत ओरडले. "आईला सगळं ऐकू गेलं!"