लेबल खरवडलेला डबा

सकाळी सातला फोन आला आणि आठला मत्स्यखात्याच्या तपासनीस बाई नाकाला रुमाल लावून तळ्याकाठी उभ्या होत्या.

पाणी दिसतच नव्हतं. हातहातभर लांब मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते, तोंडं सताड उघडी. त्यांच्यामधून बोटाएवढी पिल्लं मात्र सुळसुळत होती. वास असा, की जिभेवर थर बसावा.

फौजदारांच्या मते तपास संपला होता. म्हाताऱ्या मासेमाराच्या होडीत लेबल खरवडलेला डबा सापडला होता, तळाशी थोडं औषध. बोट क्लबच्या मॅनेजरने त्याला काल संध्याकाळी पाण्यात काहीतरी ओतताना पाहिल्याचं सांगितलं होतं. म्हातारा कोठडीत होता. आता परवाना जाणार, होडीही जाणार.

त्याची सून फौजदारांपुढे हटून बसली होती. "मामंजी विष कशाला घालतील? स्वतःच्याच पोटावर कोणी पाय देतं का?"

बाईंनी डबा प्रयोगशाळेत पाठवला आणि तळ्याला फेरी मारली. म्हाताऱ्याची होडी लागायची त्या काठाला पाणगवत हिरवंगार डुलत होतं. क्लबच्या धक्क्याभोवती मात्र ते काळं पडून कुजलं होतं. काठीने उचललं तर शेंबडासारखी तार आली. क्लबच्या सामानाच्या खोलीपासून धक्क्यापर्यंत हिरवळीवर करपलेले ठिपके होते.

मॅनेजर परीटघडीच्या शर्टात आला.

"इथलं गवत कधी मेलं?"

"झाला असेल पंधरवडा. बरंच झालं, वल्ह्यांत अडकायचं. पाहुण्यांना पाणी कसं आरशासारखं लागतं."

"म्हातारा इकडे यायचा?"

"त्या कळकटाला मी फाटकाच्या आत पाऊल टाकू देत नाही."

बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी अहवाल आला. बाईंनी सगळ्यांना चौकीत बोलावलं आणि त्या मॅनेजरकडे वळल्या.

"विषाने आधी पिल्लं जातात. इथे मोठे गेले, पिल्लं राहिली. म्हणजे मासे गुदमरले. मोठ्या जिवाला हवा जास्त लागते. पाण्यातली हवा खाल्ली कुजणाऱ्या गवताने. डब्यात आहे तणनाशक. त्याने गवत एका रात्रीत कुजत नाही, तेव्हा आदल्या संध्याकाळचं ओतणं ही तुमची थाप. फवारलंत तुम्ही, पंधरवड्याच्याही आधी. वाटेत गळलेल्या थेंबांनी हिरवळ करपली, तुमच्याच खोलीपासून. म्हातारा तर तिथे येतच नाही, हे तुम्हीच सांगितलंत. पहाटे मासे वर आले, तुम्ही घाबरलात आणि लेबल खरवडून डबा त्याच्या होडीत टाकलात. विष ते विष, असं वाटलं तुम्हाला."

मॅनेजरने शर्टाची बाही नीट केली. "गवतच तर होतं, बाई. साफसफाई केली."

बाईंनी अहवाल मिटून टेबलावर ठेवला.

"त्या गवताच्या पानाआड अंडं, अंड्यात पिल्लू, पिल्लावर बगळा. गावाच्या घशात जाणारं पाणी गाळतं तेही हेच गवत. तुम्ही याला घाण म्हणता."

फौजदारांनी मॅनेजरला बाकावरून उठवलं, आणि कोठडीचं कुलूप काढलं.

म्हातारा घरी गेला नाही. होडी सोडवून तो थेट धक्क्याशी गेला. गवत अजून कुजत होतं. ते काढलं नाही तर पिल्लंही गुदमरणार होती. सून काठावरून म्हणाली, आधी घरी चला, आंघोळ तरी करा.

"आंघोळीला पाणी हेच ना?" तो म्हणाला, आणि कोपरापर्यंत हात घालून गवत उपसायला लागला.