कोलंबाइनची कपार

भर उन्हात मेंढ्या हाकत ग्लेनाबा कपारीतल्या झऱ्याशी आली, तर तिथं आधीच एक मुलगा कोलंबाइनच्या फुलांत नाक खुपसून बसलेला! सगळं लाल पठार तापलेलं. फक्त या ओल्या भिंतीवर ती गुलाबी-पांढरी फुलं डुलत होती.

"ए, तोडलंस तर बघ!"

"वास घेतोय फक्त..." त्याच्या नाकाच्या शेंड्याला पिवळे पराग चिकटले होते. "दर वर्षी येतात का गं?"

"त्याच मुळातून. न बोलावता, तुझ्यासारखीच."

तो हसला. डेलबर्ट त्याचं नाव. मग रोज दुपारी दोघांच्याही मेंढ्यांना नेमकी याच झऱ्याची तहान लागू लागली. खरं तर त्यांच्या नवाहो जमातीच्या रिवाजाप्रमाणे भेटल्याबरोबर आधी कूळ सांगायचं. कूळ आईकडून येतं, आणि एका कुळाची ती भावंडं. मग लग्न सोडाच, तसं बघायचंही नाही. पण यांची सुरुवातच भांडणानं झाली आणि ते राहून गेलं. नंतर विचारायची ग्लेनाबाला भीती वाटू लागली.

आणि एक दिवस तिला त्याच्या काही मेंढ्यांच्या कानांवर हॅरिसनमामाची खूण दिसली. हा तिच्याच कुळातला लांबचा मामा, पलीकडच्या खोऱ्यात बायकोच्या घरी नांदायला गेलेला. मामाच्या मेंढ्या राखतो तो त्याचा भाचाच असणार. म्हणजे... आपला भाऊ! ती झऱ्याकडे फिरकेनाशी झाली.

शेवटी मेंढ्याच ऐकेनात, तेव्हा यावंच लागलं.

"होतीस कुठं? मी फुलांशी बोलत बसायचो."

"तू हॅरिसनमामाचा भाचा ना?" तिनं लांबूनच विचारलं.

"भाचा? छे, मेहुणा! माझी बहीण त्याची बायको. त्याच्या मेंढ्या आमच्याच कळपात असतात."

"कूळ सांग आधी!"

"आईचं उंचघर, वडिलांचं मीठ. तुझं?"

"पाणकाठ... वडिलांचं कडूपाणी..."

कुठंच काही जुळत नव्हतं! तिचा जीव असा भांड्यात पडला, की हसू आणि रडू एकदमच आलं.

"रडतेस काय? भाऊ हवा होता का?"

"भाऊ ढीगभर आहेत. मला तू हवा होतास... बावळटा!"

तिनं डोळे पुसले.

"आज घरी चल. माझ्या आईला एकदा नीट बघून घे."

"आजच? का?"

"नंतर बघता यायचं नाही. आपल्या लोकांत जावई कधी सासूचं तोंड बघतो का?"

डेलबर्ट कानापर्यंत लाल झाला, आणि दोन्ही कळप तिच्या घराच्या वाटेला वळवू लागला.