हॉर्नचा फ्यूज

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. मी गाड्यांचं वायरिंग करतो, भुताखेतांच्या गप्पा मारायला मला वेळ नसतो. पण हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. रविवारची दुपार, बाहेर लख्ख ऊन, आणि जागा म्हणजे माझ्या भावोजींच्या घरचं गॅरेज.

भावोजींना जुन्या गाड्यांचं भारी वेड. कुठूनशी एक म्हातारी गाडी उचलून आणली होती. रंग झकास, सीटा मऊ. फक्त रोज सकाळी बॅटरी झोपलेली.

आणि ताईला नववा महिना लागलेला. घर वस्तीपासून लांब. ऐन वेळी हीच गाडी चालू व्हायला हवी होती.

"तुझ्या भावोजींनी गाडी नाही, शोपीस आणलंय," ताई म्हणाली. "कळा सुरू झाल्या की धक्का मारायला मीच उतरू का?"

आम्ही हसलो. पण ती घाबरलेली होती, ते मला दिसत होतं.

आधी डायनामो तपासला. इंजिन चालू करून मीटर लावला, तर चार्जिंग उत्तम. म्हणजे बॅटरी नीट भरत होती. गाडी बंद असताना कोणीतरी ती पीत होतं.

अशा वेळी आमची एक साधी युक्ती असते. बॅटरीची वायर सोडायची आणि मधे एक बल्ब जोडायचा. सगळं बंद असेल तर बल्ब पेटत नाही. पेटलाच, तर एकेक फ्यूज काढत जायचं. जो काढल्यावर बल्ब विझेल, तिथे चोर.

बल्ब जोडला.

पेटला...

मग आपोआप विझला. मी कशालाही हात लावला नव्हता.

परत पेटला. बराच वेळ तसाच राहिला...

एखादी वायर लूज असेल, ती कुठली ते शोधायला मी एकेक फ्यूज काढत गेलो. हॉर्नचा काढला आणि बल्ब गप्प झाला.

"सापडला बघा चोर," मी म्हणालो.

भावोजी माझ्याकडे बघतच राहिले.

"अरे, हॉर्न आहे कुठे गाडीत? तो तर तुझ्याच दुकानात पडलाय ना, दुरुस्तीला?"

खरंच की. हॉर्नच नाही, तर करंट जाणार कुठून?

फ्यूज परत लावला. बल्ब पेटला. मी काचेतून आत पाहिलं.

आत कोणी नव्हतं.

पण स्टिअरिंगवरचं हॉर्नचं बटण... दबलेलं होतं.

हळूच वर आलं. बल्ब विझला.

परत दबलं.

भावोजींनी तिथूनच गाडी विकणाऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "आमचे बाबा त्या गाडीतच गेले. गॅरेजमध्ये. छातीत दुखायला लागलं असणार. बॅटरी उतरलेली होती, हॉर्न वाजलाच नसणार... आम्ही पोचलो तेव्हा अंगठा हॉर्नवरच होता."

ताई दारात उभी राहून ऐकत होती.

"राहू दे तो फ्यूज," ती म्हणाली. "हाक मारतोय रे तो माणूस."

"आणि तुझ्या वेळेला बॅटरी नसली म्हणजे?"

मी फ्यूज काढून टाकला.

त्यानंतर गाडी एकदाही अडली नाही. ताईच्या कळा सुरू झाल्या तेव्हा पहिल्या झटक्यात चालू झाली. मुलगी झाली, दोघी सुखरूप. माझा जीव भांड्यात पडला.

दवाखान्यात गेलो, तर ताईने जवळ बोलावलं.

"वाटभर ड्रायव्हरकडच्या काचेवर कोणीतरी टकटक करत होतं रे... आतून."

"भावोजींची अंगठी लागत असेल."

"त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते."

ती म्हणते, हॉर्न बंद केलास म्हणून तो काच ठोकतोय, फ्यूज परत लाव. मी म्हणतो, घरात तान्हं पोर आहे, गाडी चालू राहायलाच हवी.

काल भावोजींचा फोन आला. गाडी गॅरेजमध्ये बंद उभी होती, आणि त्या काचेला तडा गेलाय... आतल्या बाजूने.

मी अजून तिकडे गेलेलो नाही.