उठवायचं राहून गेलं

ही गोष्ट खरी आहे. पटली तर वाचा, नाही तर पुढं सरकवा. कुणाला पटवत बसायची मला हौस नाही.

गेल्या वर्षीची, पितृपक्षातली. जागा उदगीर, देगलूर रोडवरचा एक नवाकोरा बंगला. वेळ दुपारी तीनची.

पण आत रात्र होती. खिडक्यांना काळं कापड लावून केलेली, शूटिंगची रात्र.

घडलं ते माझ्या मावशीसोबत. इंदूमावशी. तुमच्या आईला विचारा, ती बरोबर ओळखेल. बारा-तेरा वर्षांमागं तीन जावांची एक मालिका रोज संध्याकाळी लागायची. नाव मुद्दाम घेत नाही. त्यातली मधली जाऊ म्हणजे आमची मावशी. धाकटी होती मालविका, नांदेडची. आणि थोरली सिंधू, आमच्याच लातूरची.

मालिका संपली आणि मावशीचं कामही संपलं. सात वर्षं कुणाचा फोन नाही. मुंबईतली खोली सोडून ती उदगीरला माझ्याकडं राहायला आली. मंडईत एखादी बाई "तुम्ही त्याच ना हो?" म्हणून विचारायची, तेवढ्यावर तिचा आठवडा निघायचा. मला वाईट वाटायचं, पण बोलून दाखवलं असतं तर तिनं मलाच झापलं असतं.

म्हणून अंबरीशचा फोन आला तेव्हा ती देवापाशी बसून रडली. अंबरीश म्हणजे नांदेडचा तरुण दिग्दर्शक. दिवाळीसाठी टीव्हीवर दोन तासांचा हसताखेळता सिनेमा करत होता. जुन्या जावा इतक्या वर्षांनी एकत्र येतात आणि घरभर धिंगाणा घालतात, अशी गोष्ट.

जावा दोनच उरल्या होत्या. सिंधू वारली होती.

कागद आले. मावशी चष्मा लावून वाचत होती, हसत होती. एका पानावर थांबली आणि कागद बाजूला ठेवला. त्या पानावर तिला मेल्याचं सोंग घ्यायचं होतं. चादरीखाली पडून सुना कशा रडतात ते ऐकायचं होतं.

"यात काय घाबरायचं?" मी म्हणाले.

तेव्हा तिनं मला ते सांगितलं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मालिकेच्या सेटवर त्यांची एक रीत होती. मरणाचा सीन झाला तरी लगेच कॅमेरा बंद करायचा नाही. मेलेल्याच्या उशाशी जो बसला असेल त्यानं त्याला खऱ्या नावानं हाक मारायची. ऊठ म्हणायचं. त्यानं डोळे उघडायचे, कॅमेऱ्यात बघून हसायचं, मग कट. तसं केलं नाही तर माणूस तिथं मेलेलाच राहतो, असं सगळे मानायचे.

सिंधूचं पात्र मेलं तेव्हा उशाशी मावशी होती. आणि त्याच सकाळी दोघींचं कडाक्याचं भांडण झालेलं. कशावरून, तर एका मोरपंखी शालूवरून. दोघींनाही तोच नेसायचा होता. ऐकून हसू येतं, पण भांडणं अशीच असतात.

सीन झाला. सगळे मावशीच्या हाकेची वाट बघत थांबले.

मावशी उठली आणि मेकअप उतरवायला निघून गेली.

दिग्दर्शकाला दुसरीकडं पोचायचं होतं. तो कट म्हणाला. सिंधू डोळे मिटून तशीच पडून राहिली, बऱ्याच वेळानं कुणीतरी तिला पॅकअप झालंय म्हणून सांगितलं.

महिन्याच्या आत सिंधू गेली. लातूरच्या घरी, झोपेतच.

"मग हा सीन करूच नको," मी म्हणाले.

"न्हाई म्हणलं तर दुसरी बाई घेतील गं," मावशी म्हणाली. "सात वर्षांनी दार उघडलंय. मी कुठल्या तोंडानं न्हाई म्हणू?"

शूटिंगच्या दिवशी तिनं अंबरीशला आधीच बजावलं. "बाळा, उठवल्याशिवाय कट म्हणू नको."

"ताई, कॉमेडी आहे हो," तो हसला. "तुम्ही कुठं खऱ्या मरताय? पण तुमची इच्छा असेल तर करू."

हाक मालविका मारणार असं ठरलं.

मावशी गादीवर पडली. अंगावर पांढरी चादर आली, तोंडावरून घेतली. ॲक्शन झालं आणि रडारड सुरू झाली. मालविकाचं गळा काढणं असं होतं की लाईटवाले तोंडावर हात दाबून हसत होते. सुनांचं काम करणाऱ्या दोन पोरीही मस्त रडत होत्या. मावशी चादरीखाली हसू आवरत होती. किती वर्षांनी तिला इतकं छान वाटत होतं.

तीन आवाज. ती ओळखून एकेक मोजत होती.

मग...

चौथा आला.

हळू. इतरांसारखा नाटकी नाही. आणि रडण्याआधी बारीकसं खाकरणं.

प्रत्येक वाक्याआधी तसं खाकरायची सवय एकीलाच होती. साऊंडवाला त्यासाठी तिला रोज बोलायचा.

सिंधूला.

आवाज जवळ आला. कानापाशी...

"इंदे."



"किती वेळ पडू गं? लई दिवस झाले. मला उठव की."

आवाजात राग नव्हता. तेच मावशी मला पुन्हा पुन्हा सांगते. राग असता तर बरं झालं असतं, म्हणते.

दोनच शब्द बोलायचे होते. सिंधू, ऊठ.

मावशीचे ओठ उघडले होते. शब्द जिभेवर होता. आणि तेवढ्यात तिला आठवलं की कॅमेरा चालू आहे. सलग लांबचा शॉट आहे. सगळ्या जीव तोडून काम करतायत. आपण मध्येच बोललो तर शॉट वाया जाईल, म्हातारीला आता झेपत नाही म्हणतील आणि पुन्हा कुणी बोलावणार नाही.

ती गप्प राहिली.

चौथं रडणं थांबलं...

आणि तिच्या उशाशी गादी दबली. कुणीतरी बसलं होतं.

"इंदूताई, उठा आता. हसा," मालविकाची हाक आली.

मावशी चादर सारून उठून बसली. उशाशी कुणी नव्हतं. कॅमेऱ्यात बघून ती हसली, टाळ्या वाजल्या, मालविकानं तिला मिठी मारली. अंबरीश कट म्हणाला. सगळं रीतसर झालं होतं. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, लोकांना वाटलं आनंदाचं.

मग अंबरीशनं शॉट पुन्हा लावून बघितला.

त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

पडद्यावर मालविका हाक मारत होती. सगळे टाळ्या वाजवत होते. मालविका वाकून मिठी मारत होती, पण तिच्या हातांत कुणी नव्हतं.

आणि गादीवर...

चादर हललीच नव्हती.

कॅमेऱ्यातलं कार्ड खराब असेल, अंबरीश म्हणाला. दुसरं घातलं. मावशी पुन्हा पडली, मालविकानं पुन्हा उठवलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा तेच. शेवटी अंबरीश म्हणाला, "ताई, तो तुकडा तसाही दाखवायचा नाहीये." नंतर दिवसभर त्यानं मावशीकडं बघायचं टाळलं.

दुसऱ्याच दिवशी मावशीनं मला घेऊन लातूर गाठलं. सिंधूचे यजमान श्रीपादराव, निवृत्त शिक्षक, एकटेच राहतात. मावशीनं त्यांच्यापुढं सगळं कबूल केलं. त्यांनी आतली खोली उघडून दिली. सिंधू गेली ती खाट तिथं अजून होती.

मावशी उशाशी बसली. "सिंधू, ऊठ. सिंधे, चुकले गं मी. ऊठ आता, हास."

दुपारभर हाक मारत होती. घसा बसला तिचा. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

काहीच झालं नाही. पंखासुद्धा हलला नाही.

निघताना श्रीपादराव म्हणाले, "त्या सीनच्या दिवशी पॅकअप झाल्यावर तिला फोनवर मी म्हणलं, घरी ये, असल्या रीती कोण पाळतंय. तर म्हणाली, थांबते थोडं. इंदूला राग धरता येत न्हाई, येईल ती." मग चप्पल शोधून देत म्हणाले, "आता उशीर झाला, ताई. ती ऐकत असंल असं मला वाटत न्हाई."



दिवाळीत सिनेमा लागला. गल्लीतल्या बायका आमच्या घरी जमून हसून हसून बेजार झाल्या. मावशीला दोन नव्या कामांसाठी फोनही आले. तिनं दोन्ही कामं घेतली नाहीत.

भाऊबीजेला माझा भाऊ सर्वेश आला होता. मी ओवाळत होते, मावशी शेजारी खुर्चीत बसून आरतीचं ताट धरायला मदत करत होती. माझ्या मुलीनं मोबाईलवर व्हिडिओ काढला. रात्री जेवणं झाल्यावर मी तो बघितला.

खुर्ची रिकामी होती.

मागं दिवाणावर मावशी आडवी होती. डोळे मिटलेले, हनुवटीपर्यंत चादर.

आणि तिच्या उशाशी...

एक बाई बसली होती. मान खाली. शांत. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी नाही, नुसती बसलेली.

मला तो पुसून टाकायचा होता. मावशीनं माझ्या हातून मोबाईल घेतला आणि खूप वेळ बघत राहिली.

"तोंड हलतंय का गं तिचं?" तिनं विचारलं. "मला बिनचष्म्याचं दिसंना."

मी नीट बघितलं. ओठ मिटलेले होते.

"न्हाई," मी म्हणाले.

"मी बी न्हाई मारली ना हाक," मावशी म्हणाली आणि मोबाईल परत दिला.

देवाचं, डॉक्टरचं, सगळं करून झालं. कुणी काही सांगू शकत नाही. तब्येत ठीक आहे म्हणतात. रोज सकाळी मावशीला उठवायचं काम मी दुसऱ्या कुणावर सोपवत नाही. तिच्या उशाशी मला बसवत नाही, म्हणून पायथ्याशी उभी राहून हाक मारते. दिवाळीत ती दुसऱ्या हाकेला उठायची. संक्रांतीला पाच लागायच्या.

आज सतरा लागल्या.