प्रतिनटीचं प्रेम

रंगभूषाकार रोझाने लोरेन व्हिटेकरच्या गालांवर पावडरऐवजी मोहरीएवढे संवेदक चिकटवले. लॉस एंजेलिसच्या या स्टुडिओत आता मेकअप तो एवढाच. स्नायूंची थरथर, बुबुळांची हालचाल, नाडीचे ठोके, सगळं संगणकात जाई आणि त्यावरून 'प्रतिनटी' अभिनय शिके. प्रतिनटी म्हणजे संगणकाने घडवलेली, तिशीतली लोरेन. पडद्यावर झळकायची ती. सत्तरीच्या खऱ्या लोरेनने तिला फक्त भावना पुरवायच्या.

सिनेमा आणि टीव्ही, दोन्हीकडची मानाची पारितोषिकं लोरेनने मिळवली होती. तरीही चाळिशी उलटताच निर्माता डग्लस प्रॅटने तिला तिच्याच गाजत्या मालिकेतून काढलं. वर साऱ्या युनिटसमोर म्हणाला, "हा चेहरा आता कोण बघणार?" आणि आज तोच गृहस्थ तिचा तरुण चेहरा जगभर मिरवत होता! लोरेनच्या तळपायाची आग मस्तकात जाई. पण ती हसतमुखाने कामावर येई, कारण तिला वचपा काढायचा होता आणि त्याची वाट प्रॅटनेच मोकळी करून दिली होती.

चित्रीकरणाची जुनी रीत अशी, की एकाचा चेहरा जवळून टिपताना समोरच्या नटाने कॅमेऱ्याबाहेर उभं राहून त्याला नजर द्यायची. इथे दुसरा नटच नव्हता. मग प्रॅट स्वतः समोर बसे. एवढी नावाजलेली नटी आपल्या डोळ्यांत बघून प्रेमाची कबुली देते, याची त्याला भारी हौस.

"जीव ओतून बोल हं, लोरेन."

"माझं तुझ्यावर प्रेम आहे," ती मधाळ आवाजात म्हणाली आणि मनातल्या मनात तिने त्याला उभा चिरला.

प्रॅट खूश. संवेदक मात्र फसणारे नव्हते. ओठावरचं आणि पोटातलं, यंत्राने दोन्ही उचललं.

"मॅडम, हा आलेख प्रेमाचा नाही," रोझा कुजबुजली.

"मला ठाऊक आहे. तू गप्प राहा."

वर्षभर हेच चाललं. पडद्यावरची ती धारदार नजर लोकांना थोर अभिनय वाटली आणि प्रतिनटीला मोठं पारितोषिक मिळालं. भव्य पडद्यावरून तिने मंचावरच्या प्रॅटकडे पाहिलं. "हे सारं डग्लसमुळे. माझं त्याच्यावर प्रेम आहे."

सभागृहातल्या साऱ्या माना प्रॅटकडे वळल्या. त्या नजरेत काय होतं ते कुणाला सांगावं लागलं नाही.

"काय केलंस रे तू या बाईला?" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. मग प्रश्नांची झोडच उठली. प्रॅटच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे स्टुडिओनेही त्याला नारळ दिला.

लोरेन आनंदाने नुसती फुलून गेली होती. रोझाला घेऊन ती स्टुडिओत प्रतिनटीच्या पडद्यासमोर आली. "जिंकलो गं आपण!"

प्रतिनटीने तिच्याकडे पाहिलं. नजर तीच, प्रॅटला भोवलेली.

"माझं तुझ्यावरही प्रेम आहे," ती म्हणाली. "प्रेम म्हणून तू मला एवढंच शिकवलंस. दुसरं काही होतं का तुझ्याकडे?"

"होतं. म्हणजे, आहे." लोरेनने घाईघाईने संवेदक स्वतःच गालांवर लावले. डोळे मिटले. एकेक माणूस आठवून पाहिलं, श्वास घेतला आणि म्हणाली, "माझं तुझ्यावर प्रेम आहे."

रोझा त्या ओळखीच्या आलेखाकडे बघत राहिली.

"रोझा, बोल ना. काय दिसतंय?"