भिंतीच्या रंगाचा पाइप

खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. भूतखेत आमच्या घरात कोणी मानत नाही. माझे मिस्टर तर असल्या गोष्टी सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवतात.

तरी हे घडलं आहे. पुसदला, आमच्या लेआउटमधल्या घरात, मागच्या वर्षीच्या मार्चपासून. आणि रात्रीबित्री नाही.

रोज दुपारी चार वाजता.

मी दीपा. सासूबाई, मथुराबाई, आमच्याकडेच असायच्या. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले होते. उजेड-अंधार कळायचा आणि भडक रंग तेवढा दिसायचा. म्हणून मिस्टरांनी त्यांच्या खोलीपासून मागच्या संडासापर्यंत, भिंतीला कंबरेच्या उंचीवर लोखंडी पाइप बसवून घेतला आणि लालभडक रंगवला. लाल रेघ दिसली की सासूबाई बरोबर पाइप धरायच्या आणि एकट्या जायच्या. चारची फेरी ठरलेली.

"मले धरू नको वं. मी जाईन माया मनानं."

खरं सांगते, चौदा वर्षं त्यांचं करून मी थकले होते. पाइप लागला आणि मला दुपारची झोप मिळायला लागली.

पण तो दिसायचा घाण. बैठकीतूनच गेलेला. भिंत पिस्ता रंगाची आणि मधून हा लाल पाइप. दवाखान्यात बसल्यासारखं वाटायचं. त्यात आमच्या प्रियंकाला पाहायला महागावहून पाहुणे यायचे होते. पाइप काढावा तर प्लास्टर निघालं असतं.

आमचा पेंटर नेमसिंग म्हणाला, "वहिनी, काढू नका. भितीच्याच रंगात मारून देतो. पाइप हाये का नाही, कोनाले समजनारच नाही."

पाइप, क्लॅम्प, नटबोल्ट, सगळं त्यानं पिस्ता करून टाकलं. अर्ध्या तासात पाइप डोळ्यांना दिसेनासा झाला. शेवटचा हात मारता मारता तो थांबला.

"पन आजीले दिसन का हे?"

मी कणीक मळत होते. सकाळपासून पाठ टेकली नव्हती.

"त्यायले तसंही काय दिसते? मार तू रंग."

त्यानं ब्रश बुडवला आणि उरलेला हात मारला.

रंग ओला म्हणून दोन दिवस सासूबाईंना मीच धरून नेलं. रविवारी पाहुणे आले, खूश होऊन गेले. सोमवारी मी जरा आडवी झाले. चार वाजले. भिंतीवर तळहात फिरल्याचा आवाज आला.

"दीपा... पाइप कुठी गेला वं? मले दिसून नाही राह्यला."

मी ऐकलं. पाच मिनिटं पडते आणि उठते, असं मनात म्हटलं.

मग धप्प आवाज झाला.

खुबा मोडला होता. एकोणिसाव्या दिवशी सासूबाई गेल्या. रंगामुळं पाइप दिसला नाही, हे मी कोणालाच सांगितलं नाही. पाय घसरला, असं सगळ्यांना सांगितलं.

त्यांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक गेले. दुसऱ्या दिवशी घरात मी एकटी होते. चार वाजले आणि...

सर्र... सर्र...

कोरडा तळहात भिंतीवर घासत होता.

पावलं नाहीत. श्वास नाही. नुसता हात.

मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "पाल असन. झोप नाही होऊन राह्यली तुयी, म्हनून असं होते."

मी रंगाचा डबा आणला आणि स्वतःच्या हातानं पाइप पुन्हा लाल केला. वाटलं, आता दिसेल त्यांना. सुटतील त्या, आणि मीही सुटेन.

चार वाजले. आवाज खोलीतून निघाला. पाइपाच्या वरून गेला... खालून गेला...

पाइपावर एकदाही आला नाही.

आठ दिवस मी हे ऐकलं. नवव्या दिवशी राहवेना. आवाजाच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला.

कोणीतरी मनगट धरलं...

हलका, खरखरीत, थरथरणारा हात. मी तो चौदा वर्षं ओळखत होते. त्या हाताला संडासापर्यंत नेलं. दाराशी थांबले. परत खोलीपर्यंत आणून सोडलं.

घाबरायला हवं होतं ना? मला मात्र वैताग आला. मेल्यावरही यांचं करणं संपेना, असंच मनात आलं. मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की ओट्याला टेकून रडले.

असं वर्षभर चाललं. प्रियंकाच्या हळदीच्या दिवशीसुद्धा चारला मी मांडवातून उठून घरात आले. आता ती पोटुशी आहे. "आई, दोन दिवस राहायला ये," म्हणते. मी गुडघ्याचं कारण सांगते. एकदा तापानं उठवलंच नाही, तर तो हात भिंत सोडून माझ्या पलंगापर्यंत आला. अंगावरची चादर हळूहळू ओढली गेली...

मी उठले.

गेल्या मंगळवारी परत आणताना मनगटावरची पकड एकदम घट्ट झाली. आणि वर्षभरात पहिल्यांदा त्या बोलल्या. अगदी कानाशी...

"दीपा... पाइप कोनं लपोला वं?"

खरं सांगायचं होतं. शपथ घेऊन सांगते, खरंच सांगणार होते.

"नेमसिंगनं," मी म्हटलं.

पकड सुटली.

बुधवारी चार वाजले. कोणी आलं नाही. सव्वाचार झाले, साडेचार झाले. मी पलंगावर पडले आणि दिवेलागणीपर्यंत मेल्यासारखी झोपले.

गुरुवारी नेमसिंगच्या बायकोचा, पुष्पाचा, त्यांच्या बंजारा तांड्यावरून फोन आला. आवाज रडवेला होता.

"वहिनी, कालपासून दुपारी आमच्या भितीवर कोनीतरी हात फिरवून राह्यलं. आज तं आमच्या ह्यायचं मनगटच धरलं, सोडूनच नाही राह्यलं. हे शिडीवर होते वो, पडता पडता वाचले. हे म्हनतात, वहिनीले विचार. तुमच्याकडं झालतं का असं काही?"

"नाही गं," मी म्हटलं. "पाल असन."

मी फोन ठेवला.

काय करायचं ते मला कळतं. तांड्यावर जायचं, त्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, आई, मीच सांगितलं होतं रंगवायला. एवढंच. मग तो हात माझ्याकडे परत येईल, आणि मरेपर्यंत माझ्याकडेच राहील.

रोज सकाळी ठरवते, आज जायचंच. जेवण झालं की जरा पाठ टेकते.

काल पुष्पाचे सहा मिस्ड कॉल होते. मी झोपले होते.